फेसचं स्वच्छ तोंड

३ फेब्रुवारी

आत्या,

तुला लिहायचं मी मुद्दाम टाळत होते, हे आधीच कबूल करून टाकते. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते तुला पटलं नसतं. वेळ ढीगभर होता. अडचण हातांची होती. ह्या हातांनी दिवसभर जे काही करते ते आठवलं की कागदाला शिवावंसं वाटत नाही, त्यात तो कागद तुझ्याकडे जाणारा. पाकीट उघडायच्या आधी तू त्याचा वास घेशील हे काय मला ठाऊक नाही?

तर मधमाश्यांचं काम सुटलं. चावल्या म्हणून नाही, कंटाळा आला. मग बोटींना रंग द्यायला गेले. तिथे एक बाई भेटली, तिला बोट लागायची आणि तरी ती बोटीवरच राहायची, तिची गोष्ट सांगायला बसले तर हे पत्र संपायचं नाही. असो. आता मी जनावरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. हसू नकोस. कुत्री धरायचं काम आहे. डॉक्टरीणबाई डोळा तपासतात आणि मी कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याच्या तोंडाचा वास घेत उभी राहते.

वासाचं एक वेळ चालेल. चिपडांचं काय करू? तुला वाटेल सकाळी आपल्या डोळ्यांत येतात तेवढीच असतील. छे! काल एक चपट्या नाकाचं कुत्रं आलं. मी कापसाने त्याचा डोळा पुसला तर पिवळट तार निघाली. ओढली तर लांबच लांब होत गेली, तुटेना. माझ्या मनगटाला चिकटली. तेवढ्यात त्या शहाण्याने मान झटकली आणि तारेचं दुसरं टोक माझ्या ओठावर. अजून सांगते आहे आणि अजून थुंकते आहे.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. डॉक्टरीणबाईंनी मला भिंगातून त्याची पापणी दाखवली. जिथे एकही केस नसायला हवा त्या आतल्या काठावर केसांची आणखी एक रांग, ताठ, आतल्या बाजूला वळलेली. कुत्रं पापणी मिटणार की डोळ्यावर खराटा फिरणार. उघडणार की पुन्हा खराटा. म्हणून पाणी, म्हणून चिपडं, म्हणून डोळ्याखाली ते गंजासारखे तांबडे ओघळ. आणि मला एकदम तुझ्या लाँड्रीत लोळणारा आपला फेस आठवला. त्याच्या पांढऱ्याशुभ्र तोंडावरचे ओघळ, ज्यांच्यावरून तू त्याला उठता बसता मळकट म्हणतेस. तो मळकट नसेल गं, आत्या. कापडाची वीण बघायचं तुझं भिंग घे आणि त्याच्या पापणीचा काठ बघ.

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. वास घेतला. औषधाचा येत होता, म्हणून उघडलं. जेवताना वाचायला घेतलं ही माझी चूक. ओठावर काय लागलं ते मला कळवायची काही गरज होती का? ताट तसंच सरकवलं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्यांनीही सरकवलं. तसेही तुझे आतोबा भिंतीकडे तोंड करूनच जेवतात हल्ली. फेस समोर येऊन बसतो, वर बघतो, आणि डोळ्यांतून ते सगळं गळत असतं. हे म्हणतात, "एक तर हा राहील नाही तर माझी भूक राहील."

लाँड्रीत बसणाऱ्या कुत्र्याचं नाव मी हौसेने फेस ठेवलं, आणि तोंड हे असं. परवा दातांचे डॉक्टर कोट घेऊन आले. गिऱ्हाईक जुनं आहे, पण जीभ काय सुरीसारखी. फेसकडे बघून म्हणतात, "ह्याच्या तोंडावरचा डाग तुम्हाला निघत नाही, माझ्या कोटावरचा काय निघणार?" दुकानात आणखी दोघंजण होते. दोघंही हसले. मी रक्ताचे डाग काढलेत, शाईचे काढलेत, त्यांच्याच कोटावरचे नको नको ते काढलेत. आणि एका कुत्र्यापायी हे ऐकून घेतलं.

भिंगाने बघितलं. आहेत. ब्रशच्या दातांसारखे ओळीने उभे. मला शिसारीच आली. इतके दिवस मी त्याचं तोंड घासत होते आणि घाण आतून तयार होत होती. चिमटा घेऊन उपटायलाच निघाले होते, तर हे आतून ओरडले, "आधी स्वतःच्या मिशा उपट!" पन्नाशी ओलांडलेल्या बायकोशी बोलायची ही रीत. पण बरं झालं ओरडले. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तर तो म्हणाला, उपटलेले केस परत येतात, मुळं जाळावी लागतील. पुढच्या आठवड्यात जाळणार आहे.

तू तुझ्या डॉक्टरीणबाईंना एवढंच विचार, जाळल्यावर डाग जातो का?

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

विचारलं. जातो म्हणाल्या. पाणी वाहायचं थांबलं की नवे केस पांढरे येतात. पुढे आणखी बरंच म्हणाल्या, की केस जाळून काम संपत नाही, नंतर डोळ्याची वरची काच तपासत राहायची, मलम सोडायचं नाही वगैरे. पण तेव्हा माझ्या हातात वासराएवढं एक कुत्रं होतं आणि ते निवांतपणे माझ्या बुटात मुतत होतं. उबदार. मोज्यापर्यंत. सोडलं तर डोळा जातो, धरलं तर बूट जातो. बूट गेला.

इथल्या गल्लीत एक माणूस तुटक्या छत्र्यांपासून पिशव्या शिवतो. मला शिकवतो म्हणालाय. बघू.

फेसला जपून ने.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरे,

तू आत्ता इथे हवी होतीस! फेसचं तोंड बघायला.

पहिला आठवडा मात्र नको नको झाला. पापण्या सुजून जांभळ्या झाल्या, काठावर खपल्या धरल्या. ह्यांनी भिंतीकडे तोंड करायचं सोडून ताट घेऊन थेट मागच्या खोलीतच जायला सुरुवात केली. मग सूज उतरली, खपल्या पडल्या, आणि पाणी बंद. टिपूस नाही! मी दुकान उघडताना पुसायची, दुपारी पुसायची, बंद करताना पुसायची. आता पुसायला काही नाहीच. डोळ्याखालचे तांबडे केस कापून टाकले, खालून नवे आले ते माझ्या धुतलेल्या चादरीला लाजवतील असे.

डॉक्टरने मलम दिलं होतं. ते चार दिवस घातलं आणि बंद केलं. तुपट, चिकट. डोळ्याभोवतीचे केस भिजून चप्प बसायचे आणि करडे दिसायचे, न धुतलेल्या कॉलरीसारखे. पाण्याचा डाग परवडला, तेलाचा डाग मी माझ्या दुकानात बसू देणार नाही. पुन्हा दाखवायला बोलावलं होतं तिथेही गेले नाही. डोळ्यांतून काही येतच नाही तर तपासायचं काय?

दातांचे डॉक्टर आले, फेसकडे बघितलं, आणि कोट गुपचूप काउंटरवर ठेवले. मला जे मिळायचं होतं ते मिळालं.

फेस जरा लाडात आलाय. उजेडात सारखे डोळे मिचकावतो आणि इस्त्रीच्या टेबलाखाली अंधारात जाऊन पडतो. कौतुक जरा जास्तच झालंय त्याचं.

आत्या


२८ मार्च

आत्या,

वा! वा! वा! मी दवाखान्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. चिपडांशिवायचं कुत्रं ह्या जगात असू शकतं हेच मी विसरले होते. मला त्याचा एक फोटो पाठव, भिंतीला लावते, म्हणजे किळस आली की बघेन. पिशव्यांचं म्हणशील तर पहिली शिवली, तिला तळ नाही, पण

२९ मार्च

वरचं काल लिहिलं. अर्धंच राहिलं. फाडणार होते, पण राहू दे.

आज सकाळी एक बाई कुत्री घेऊन आल्या. केस जाळलेले, तोंड लख्ख, पाणी नाही, काही नाही. बाई नुसत्या कौतुकात होत्या, अगदी तुझ्यासारख्या. म्हणाल्या, उगीच एकदा दाखवून घ्यावं म्हणून आणली. डॉक्टरीणबाईंनी कागदाची बारीक पट्टी तिच्या पापणीत अडकवली. डोळ्यातलं पाणी त्या कागदात चढायला हवं. मी डोकं धरून बघत होते. कागद कोरडा. त्या थांबल्या, मीही थांबले. कोरडाच. मग डोळ्यात रंगीत औषधाचा थेंब टाकला आणि दिवा धरला. बुबुळावर हिरवा चट्टा. जखम होती, आत्या. त्या लख्ख तोंडात उघडी जखम.

ह्या वेळी मी नीट विचारलं, कुत्रं खाली ठेवून. ते जादा केस उगवतात ना, ते पापणीच्या काठावरच्या तेलाच्या बारीक छिद्रांतूनच उगवतात. केसाचं मूळ जाळताना कधी कधी तेलाची गाठही जळते. मग डोळ्यावर पाणी टिकत नाही, उडून जातं. काही कुत्र्यांत तर पाणी बनणंच कमी होतं, विशेषतः ह्या पांढऱ्या झिपऱ्या जातीत. म्हणून मलम द्यायचं आणि पुन्हा पुन्हा तपासायचं. तू कडक वाळलेल्या कपड्यावर पाणी न शिंपडता गरम इस्त्री फिरवशील का? फेसची पापणी दिवसभर तेच करते आहे.

डोळे मिचकावतो म्हणालीस ना? ते लाड नाहीत. उजेड टोचतो त्याला. आजच ने. आजच.

भिंगरी


६ एप्रिल

भिंगरे,

मला इस्त्री शिकवू नकोस. एका जागी एक ऋतू काढला नाहीस तू, चार कुत्र्यांची डोकी धरलीस आणि मला पाणी शिंपडायला शिकवतेस?

घाण होती तेव्हा म्हणालीस आजारी आहे. घाण गेली तर म्हणतेस आजारी आहे. म्हणजे मी करावं तरी काय? मी जन्मभर एकच गोष्ट बघत आले आहे, डाग आहे की नाही. इथे डाग नाही.

फेस चांगला जेवतो. डावा डोळा थोडा मंद दिसतो, काच पुसायची राहिली की दिसते तसा. वय झालं असेल.

आत्या


२ मे

भिंगरे,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. उघडली नाहीत. आज उघडली.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिते. डावा डोळा निळसर पांढरा झालाय, उकडलेल्या माशाचा असतो तसा. त्यावर आता पाणी नाही, खळ आहे. शिळी, पिवळी, घट्ट खळ. पापणी उघडली की तिच्या तारा ताणल्या जातात आणि मिटली की कोपऱ्यात तिचा लगदा जमतो. वास येतो. दुकानात शिरताना आधी तो वास येतो, साबणाचा नंतर. दातांचे डॉक्टर दारातूनच परत गेले. मला त्याचंही काही वाटलं नाही.

डॉक्टरकडे नेलं. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. काच विरघळत चाललीय म्हणाला. एक तर डोळा काढायचा, नाही तर मोठ्या दवाखान्यात, म्हणजे तुमच्याकडे, ताबडतोब न्यायचं, आणि नंतर दिवसभर दर थोड्या वेळाने पुसायचं आणि थेंब घालायचे. घट्ट थेंब, तुपट. जन्मभर. "घरात कोण करेल हे?" त्याने विचारलं.

मी घरी येऊन करून बघितलं. कोमट पाणी, मऊ कापड, सगळं घेतलं. ती खळ माझ्या बोटाला लागली, नखात गेली, आणि मी मोरीत ओकले. तोंड धुऊन परत बसले, पुन्हा ओकले. मी, जी लोकांच्या चादरींवरचं काय काय धुते! कापडावरचं कापडावर असतं गं. हे त्याच्यातून येत होतं, कोमट होतं. आणि तो बिचारा शेपटी हलवत होता. मला त्याची किळस आली आणि मग माझी आली. दुसरी अजून गेलेली नाही.

म्हणून डोळा काढायचं ठरवलं आहे. येत्या गुरुवारी. शिवून टाकला की जागा स्वच्छ राहते म्हणाला. ह्यांना विचारलं, ते भिंतीकडे बघून जेवत राहिले. ह्या घरात हे कोणाकडूनही व्हायचं नाही, भिंगरे. मला रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

आत्या


बुधवार, ७ मे

आत्या,

काल तुझं पत्र आलं तशी मी दुकानात फोन केला. आतोबांनी उचलला. तू मागे मशीनवर होतीस, बोलवतो म्हणाले, मी म्हटलं नको, तुम्हीच ऐका. आणि मी तोंड सुटल्यासारखी बोलत सुटले. माझ्याआधी त्यांच्याशी इतकं कोणी एका दमात बोललं असेल असं वाटत नाही. शेवटी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तुला सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून तेच पुन्हा लिहिते. उद्याच्या आत हे तुझ्या हातात पडणार नाही हे कळतं मला, तरी लिहिते. हात रिकामे ठेवले तर मी कशाला तरी लाथ घालीन.

डॉक्टरीणबाई म्हणतात, न बघता काही सांगता येणार नाही. काच आरपार फुटली नसेल तर डोळा वाचू शकतो. धुरकट राहील, थोडंफार दिसेल. पण त्यांनी दुसरं जे विचारलं ते जास्त महत्त्वाचं आहे. "डावा काढला तरी उजव्याचं काय?" उजवाही कोरडाच आहे ना. त्यालाही पुसायचं आहे, थेंब घालायचे आहेत. डावा शिवून टाकला म्हणजे तू सुटलीस असं नाही, आत्या. पुसणारं कोणी नसेल तर उजवाही असाच जाईल. मग तोही शिवणार का? फेसचं तोंड अगदी स्वच्छ होईल मग.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

तू ओकलीस ते वाचून मला हसूही आलं आणि रडूही. मी इथे पहिल्या दिवशी ओकले, दुसऱ्या दिवशी ओकले, आणि काल पुन्हा ओकले. एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानामागे चिपडांची अख्खी वडी वाळून बसली होती, ती भिजवून काढली तर खाली किडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय होईल. होत नाही. खोटं बोलतात त्या, त्यासुद्धा तोंडाने श्वास घेतात, मी बघितलंय. पुसायचं मात्र जमायला लागलंय. कापड आधी डोळ्यावर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही. ती खळ भिजून सैल पडेपर्यंत दुसरीकडे बघायचं. मी छताकडे बघते, तिथे गळतीचा एक डाग आहे उंटासारखा. मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला, एकाच दिशेने, हलक्या हाताने. तार आली तर ओढायची नाही, कापडावर गुंडाळायची. त्याने शेपटी हलवली तरी त्याच्याकडे बघायचं नाही, बघितलं की कापड खाली ठेवावंसं वाटतं.

डॉक्टरला सांग, गुरुवार पुढे ढकल. निदान उजव्या डोळ्यात थेंब सुरू कर. मी तिकडे येऊ शकते, शनिवारी सुट्टी मागते, न दिली तर काम सोडते, काम सोडायला मला काय

थांब. बाहेर कोणी तरी आलंय, दवाखाना अजून उघडलासुद्धा नाही.

आत्या, आतोबा आलेत. लाँड्रीची कपडे पोचवायची ती मोठी पिशवी पोटाशी धरून पायरीवर बसलेत आणि पिशवीतून फेसचं डोकं बाहेर. रात्रीच्या गाडीने आले. गाडीत सगळ्यांनी नाकं दाबली, कंडक्टरने शेवटच्या बाकावर बसवलं म्हणे. शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या होऊन वाळल्यात, म्हणजे वाटभर त्यांनी स्वतःच पुसलंय, तेही चुकीचं, ओढून ओढून. तोंड पांढरंफटक. तुला मी काय सांगू म्हटलं, तर म्हणाले, "कपडे पोचवायला गेलोय म्हणून सांग." डॉक्टरीणबाई फेसला आत घेऊन गेल्यात, काच फुटलेली नाही एवढंच आत्ता ओरडून सांगितलं त्यांनी. आणि आतोबा माझ्यासमोर उभे आहेत, बाह्या आणखी वर सरकवत, आणि म्हणताहेत, "कसं पुसायचं ते नीट दाखव. आणि त्याआधी बादली कुठे आहे ते दाखव."